भादव्याच्या आत

दुपारी मितू झोपली की आमचं घर पाण्याखाली गेल्यासारखं होतं. समोरच्या वेल्डिंगच्या दुकानातली चरचर, शेजारच्या सुमनताईंच्या कुकरची शिट्टी, भिंतीपलीकडचे मोर, सगळं लांबून, भिजून आल्यासारखं ऐकू येतं. पंखा सावकाश फिरतो. वर पाळण्यात मितू, खाली फरशीवर शिम, आणि दोघांचे श्वास एकाआड एक, कुणीतरी बारीक धावदोरा घालत बसल्यासारखे. माझी भांडी राहिलेली असतात, कपडे राहिलेले असतात. मी कशालाच हात लावत नाही. हलले तर दोरा तुटेल असं वाटतं.

शिम हा आमचा कुत्रा. मितू झाली त्याच्या पुढच्या महिन्यात, थंडीत, भूषणनं त्याला आणला. भूषण, माझा नवरा, चाकणला गिअरबॉक्स जोडणाऱ्या एका कंपनीत आहे. एका सकाळी शिफ्टवरून आला तो जर्किनची चेन हनुवटीपर्यंत ओढून आणि पोट पुढे काढून. मी म्हटलं, आता तुझी पाळी का? त्यानं चेन खाली केली तर आतून एक ओलं नाक बाहेर आलं. पॅकिंगच्या फळ्यांमागे सापडलं म्हणे. आई कुठं गेली कुणाला ठाऊक नाही, भावंडं कुणी कुणी नेली, हे एक उरलं.

नावही त्यानंच ठेवलं. शिम म्हणजे पत्र्याची पातळ चकती. दोन भाग जोडताना मधे केसाएवढी फट राहिली की तिथं शिम सरकवायची, मग खडखड होत नाही. हे पिल्लूही पहिल्या दिवसापासून फटीच शोधायचं. कपाट आणि भिंतीच्या मधे, गॅसच्या टाकीमागे. सिझरनंतरच्या त्या दिवसांत मी आणि भूषण एकमेकांकडे पाठ करून, दमून पडायचो, त्या फटीतही ते येऊन बसलं. आणि खडखड खरंच कमी झाली.

"शिम?" आई म्हणाल्या होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, भिमाबाई. "हे काय नाव हाय व्हय? नाक गळल्यावानी वाटतंय."

पण आठवड्याच्या आतच त्या त्याला शिमराव म्हणायला लागल्या, आणि भाकरीचा पहिला तुकडा भूषणच्या आधी त्याला पडायला लागला.

तर आषाढातल्या एका संध्याकाळी शिमराव दारातल्या मोटरसायकलपाशी गेले, मागच्या चाकाचा वास घेतला, एक पाय वर केला आणि तोल जाऊन आडवे झाले. उठले, पुन्हा केला. या वेळी जमलं. भूषण उंबऱ्यात चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

"पोरगा मोठा झाला, मिनल."

आई नुकत्याच विहारातून आल्या होत्या, पांढऱ्या साडीचा पदर अजून डोक्यावर होता. वर्षावास सुरू झाला होता. पावसाळ्याचे हे तीन महिने भिक्खूंनी भटकायचं नाही, एका जागी राहायचं. म्हणून विहारात रोज वाचन असतं आणि आई एक दिवस चुकवत नाहीत.

"टाळ्या काय वाजवतो," त्या म्हणाल्या. "भादव्याच्या आत ह्याला बांधायची सवय लावा. एकदा भादवा लागला की हे तुमचं ऱ्हायचं न्हाई. कुत्र्याला आय न्हाई, बाप न्हाई, धनी न्हाई, काय सुचतच न्हाई त्या महिन्यात."

"मग वर्षावास सांग की त्याला. बाहेर फिरायचं नाही म्हणावं."

"सांगते. तुझ्यापरीस जास्त ऐकंल."

आणि खरंच त्यांनी शिमला समोर बसवलं आणि बोट नाचवून सांगितलं, की बाबा, तीन महिने एका जागी बसायचं असतं. शिमनं मान तिरकी करून सगळं ऐकून घेतलं. मग जाऊन पुन्हा चाकावर पाय वर केला.

दिघीत आमची गल्ली जिथं संपते तिथं मिलिटरीची भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे आमची घरं, दुकानं, टेम्पो, वायरींची जाळी. पलीकडे काहीच नाही, म्हणजे गवत, बाभळी आणि आभाळ. तिकडे जायची कुणाला परवानगी नाही, म्हणून ते रान नेहमी कुणाच्या तरी स्वप्नातलं वाटतं. मितूला खांद्यावर घेऊन मी गच्चीतून बघत उभी राहते. पावसात ते गवत इतकं उंच होतं की वाऱ्याबरोबर सगळी जमीनच कूस बदलते आहे असं दिसतं.

श्रावण लागता लागता शिम भिंतीखालच्या गटाराच्या भोकातून पहिल्यांदा पलीकडे गेला आणि डाव्या कानाचं टोक तिकडेच ठेवून परत आला.

मी दारात बसून हळद लावत होते तेव्हा सुमनताई डोकावल्या. "झालं वाटतं ह्याचं?"

"काय झालं?"

"ऑपरेशन गं. महापालिकेची गाडी ऑपरेशन केलं की असाच कान कापून सोडते ना, खूण म्हणून."

"नाही हो. हा मारामारी करून आलाय."

"मग करून टाक. आमच्या करिष्माच्या वाकडच्या सोसायटीत सगळ्यांनी केलीत आपापल्या कुत्र्यांची. गपगार असतात बिचारी, सोफ्यावर."

सोफा आमच्याकडे नाही. पण तो शब्द माझ्याबरोबर घरात आला आणि तांदळात खडा राहावा तसा राहिला.

आम्ही शिमला कान दाखवायला नेलं. डॉक्टर पूनम आमच्याच वयाच्या असतील. कान पुसता पुसता त्यांनी त्याच्या फासळ्या चाचपल्या, दात बघितले. मी विचारलं, करायचं का, आणि केलं तर कधी.

"अजून वाढतोय तो," त्या म्हणाल्या. "अशा अंगाच्या कुत्र्याला मी साधारण वर्षाचं होऊ द्या म्हणते. हाडं भरू द्यावीत. पण हा भिंतीपलीकडे जायला लागलाय. बांधून, लक्ष ठेवून सांभाळू शकत असाल तर थांबा. नसाल तर लवकर करू. दोन्ही चुकीचं नाही."

दोन्ही चुकीचं नाही, हेच अवघड होऊन बसलं. एक जरी चुकीचं असतं तर मी रात्रीचा स्वयंपाक करता करता दुसरं निवडलं असतं.

परत येताना भूषण गाडी इतकी हळू चालवत होता की सायकलवालेही पुढे जात होते. शिम आमच्या मधे, फटीत.

"नको गं," तो शेवटी म्हणाला.

"का?"

"नको म्हणजे... रोज त्याच्या तोंडाकडे बघायचं आहे मला."

"मग?"

"मग काही नाही. मला कसंतरी होतंय."

"ते तुझं नाहीये, भूषण. त्याचं आहे."

तो हसला, पण सिग्नलला थांबल्यावर त्यानं गुडघे जवळ घेतले ते मी मागून बघितलं.

त्यानंतर रोज दुपारी मी ठरवायचे आणि रोज संध्याकाळी मोडायचे. दुपारच्या पाण्याखाली सगळं सोपं वाटायचं. गल्लीतली काळी कुत्री आठवायची. मितू झाली त्याच थंडीत तिचीही पिल्लं झाली होती, वेल्डिंगच्या दुकानाच्या पत्र्याखाली. एकेक करून टेम्पोखाली गेली. मी खिडकीत मितूला पाजत असायचे आणि ती समोर भरलेल्या आचळांनी उभी असायची, कुणाकडे जायचं ते न कळून. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. शिमची पिल्लं अशीच कुठल्यातरी पत्र्याखाली होणार. डोळा लागला की ती मला दिसायची, त्या भिंतीवर ओळीनं बसलेली, वाळत घातलेल्या लंगोटांसारखी, सगळ्यांचे डावे कान तुटलेले.

मग जाग यायची. शिम पोट वर करून झोपलेला असायचा, इतका निर्धास्त की मला त्याच्याकडे बघवायचं नाही. माझ्या पोटावरचा टाका अजून पावसाळी हवेत खाजतो. कापल्यावर अंग आपलं राहत नाही, काही दिवस ते दुसऱ्या कुणाचं तरी असतं, हे मला माहीत होतं. मला तेव्हा निदान कळत होतं कशासाठी.

एका दुपारी मी डॉक्टरांना फोन केला. आई विहारात जायला निघाल्या होत्या, पिशवी शोधत होत्या. मितू उठू नये म्हणून मी दबक्या आवाजात बोलत होते.

"ऑपरेशनचं विचारायचं होतं... नाही, वर्ष पूर्ण व्हायचंय अजून... भूषण तयार नाही, पण मीच म्हणते, उरकून टाकावं... आदल्या रात्रीपासून उपाशी, बरं... टाके किती दिवस ओले राहतात? ... नाही, उड्या नाही मारू देणार." मला हसू आलं. "हो. सांगते विचार करून."

फोन ठेवला तेव्हा आई दारात होत्या. चपला घातल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातातली बादली माझ्या हातात राहीना. मी उचलायच्या आत आई उचलायच्या. "ठेव," एवढंच म्हणायच्या. पोळ्या लाटायला बसले की लाटणं काढून घ्यायच्या. मितू रडली की मी उठायच्या आधीच ती त्यांच्या खांद्यावर. मला वाटलं वर्षावासातलं काही ऐकून आल्या असतील. मी कशाला विचारू? कुणीतरी अंगावर मऊ गोधडी टाकली आणि कारण सांगितलं नाही, तर आपण गोधडी ओढून घेतो आणि डोळे मिटतो. मी तेच केलं. त्या दिवसांत मला फार छान झोप लागली.

मग घरभर तुपात डिंक फुलल्याचा वास सुटला.

"आई, पावसाळ्यात डिंकाचे लाडू?"

"खारीक सोसायटीच्या दुकानात ताजी आली होती."

"पण आत्ता कशाला?"

"करून ठेवावं मानसानं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता लाडू वळत राहिल्या.

त्याच दुपारी त्यांनी मला खाली बसवलं आणि डोक्याला तेल घालायला घेतलं. मितू झोपली होती, शिम कपाटामागच्या फटीत होता, शेपटीचं टोक तेवढं बाहेर. आईंची बोटं भांगातून फिरत होती आणि माझी मान जड होत चालली होती. आवाज वरून, पावसासारखा आला.

"मिनल, येक बोलू का? तू करू नको."

"काय?"

"ऑपरेशन."

मला वाटलं भूषणनं सांगितलं असेल. "मलाही कळत नाहीये हो आई. पण पुढं त्रास नको म्हणून."

"कसला तरास? आजून वर्साचं बी न्हाई."

"डॉक्टरही तेच म्हणतात, वर्षाचं होऊ द्या."

"मग? भूषण मागं लागलाय का? मी बोलते त्याच्याशी."

"उलट तो नको म्हणतो. त्याला भीती वाटते."

बोटं थांबली. "भूषण नको म्हनतो?"

"हो. मीच म्हणतेय."

आईंनी वाटी जवळ ओढली. मग पुन्हा तेल घेतलं, पण बोटं आता दुसरीकडेच कुठंतरी फिरत होती.

"तू तरी सोता म्हनतीस. मला कुनी इचारलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "भूषण अंगावर पीत होता. करमाळ्याकडं, सासरी. सासूबाई आन् नर्सबाईंनी ठरवलं. शिबिर होतं शाळंत. बाकडी भिताडाला लावून खाली गाद्या टाकल्या होत्या, आमी बाया वळीनं, घोंगड्याखाली. तुझ्या सासऱ्यांचं का न्हाई करायचं, असं मी येकदाच म्हनले. तर सासूबाई म्हनल्या, गड्याचं कसं करायचं, त्याला कंपनीत वजनं उचलायची असत्यात. जशी मी फुलंच उचलत होते."

मी वळून बघायला गेले. त्यांनी माझं डोकं धरून पुन्हा सरळ केलं.

"दोन ल्योकच होते. मला येक लेक पायजे होती. पन ते जाऊ दे, हुईल न हुईल, कुनाला ठावं. मला आठवतं ते येगळंच. शुद्ध आली तवा जवळ कुनी न्हवतं. बाया सगळ्या झोपलेल्या. वर पत्रा. फळ्यावर पोरांचं गनित तसंच. आन् छाती दुधानं तटलेली, दूध गादीत जायलेलं, आन् भूषण घरी जावंकडं रडत. मला वाटलं मी मेले. आन् मेल्यावर बी दूध येतंय."

पंख्याचा आवाज येत होता.

"म्हनून म्हनते. करायचं तर कर, पन कुनाच्या सोयीसाठी करू नको. लेकरू अंगावरचं तोडंस्तवर थांब."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बादली, लाटणं, डिंक.

"आई," मी हळूच विचारलं, "तुम्ही कुणाच्या ऑपरेशनचं बोलताय?"

"तुझ्या. आन् कुनाच्या?"

"माझ्या नाही हो. शिमच्या."

कपाटामागून शेपटी एकदा फरशीवर आपटली, नाव ऐकून. आईंनी तिकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा शेपटीकडे.

"ह्याचं? कुत्र्याचं?"

"हो."

"म्हंजी गड्याचं?"

"हो."

त्यांच्या तोंडातून आधी नुसता वारा आला. मग त्या अशा हसायला लागल्या की तेलाची वाटी कलंडली. पदर तोंडात कोंबला, तरी थांबेना. मितू उठली आणि काही न कळता तीही हसायला लागली.

"म्हंजी," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "ह्या घरात पयल्यांदाच येका बाप्याचं ऑपरेशन व्हायचंय म्हन की."

हसणं संपल्यावर मात्र घर पुन्हा खोल गेलं. त्या मितूला मांडीवर घेऊन बसल्या आणि मी फरशीवरचं तेल पुसत राहिले. लाडवांचा डबा फळीवर होता. माझ्यासाठी केलेले, माझ्या न होणाऱ्या दुखण्यासाठी.

"तुम्हाला कुणी केले होते लाडू?"

"मला?" त्यांना प्रश्नच नवा वाटला. "टाकं वल्लं होतं तवा भाकऱ्या थापत होते मी."

त्या दुपारनंतर मला ठरवणं जमेचना. त्या शाळेतला पत्रा माझ्याही डोक्यावर आला होता. शिम कपाटामागून बाहेर येऊन माझ्या पायावर हनुवटी ठेवायचा आणि मला वाटायचं, आपण ती नर्सबाई आहोत. मी भूषणला सांगितलं, राहू दे. त्याला इतकं हायसं वाटलं की त्यानं ओव्हरटाइमवरून येताना शिमसाठी चामड्याचा नवा पट्टा आणला.

पट्टा सुटतोच. श्रावण निम्मा झाला होता, भूषण रात्रपाळीला गेला होता, मी मितूचं दूध निववत होते, आणि दाराच्या कडीला फक्त पट्टा लोंबत होता.

सकाळी भूषण कंपनीच्या बसमधून उतरला तेव्हा मी मितूला शालीत गुंडाळून भिंतीपाशीच होते. धुकं होतं. त्यानं डबा खाली ठेवला आणि आम्ही दोघं भिंतीच्या खचलेल्या कडेवर चढून पलीकडे बघायला लागलो. गवत पांढरं दिसत होतं, दूध सांडल्यासारखं. मोर ओरडत होते पण दिसत नव्हते. मग गवतात काही हललं आणि दिसायला लागलं. मधे गल्लीतली ती काळी. तिच्याभोवती थोराड कुत्री, गोल फिरणारी, एकमेकांवर दात काढणारी, पण आवाज आमच्यापर्यंत पोचत नव्हता. मुकं चित्र.

शिम त्या गोलात नव्हता. त्याला कुणी आत घेतलं नव्हतं. तो बाजूला एका दगडापाशी बसला होता, एक पुढचा पाय उचललेला, पायाला रक्त. थरथरत होता. तरी नजर तिकडेच.

"शिम," भूषणनं हाक मारली. "ए शिम्या. चल घरी."

शिमनं आमच्याकडे बघितलं. शेपटी हलली. उठला, दोन पावलं आमच्याकडे आला, थांबला, आणि मान पुन्हा तिकडे वळली. पुन्हा आमच्याकडे. कुणीतरी त्याला दोन्हीकडून ओढत असल्यासारखा तो त्या पांढऱ्या गवतात उभा राहिला आणि बारीक रडायला लागला.

"ओळखत नाहीये का मला?" भूषणचा आवाज बदलला होता.

"ओळखतोय. त्याला येता येत नाहीये."

भूषण बराच वेळ बघत राहिला. त्याच्या शर्टाला कंपनीच्या तेलाचा वास होता. मितूनं शालीतून हात काढून बोट दाखवलं आणि शिमला हाक मारावी तसं काहीतरी म्हणाली, नुसता श्वास होता तो.

ऊन वर आल्यावर शिम गटाराच्या भोकातून लंगडत आला, आईंच्या पायाशी गेला आणि तिथंच पडला. आईंनी जुनं लुगडं फाडून पाय बांधला. उरलेल्या पट्टीचं दावं केलं.

"मी परवा बोलले त्याचं तू मनावर घेतलंस," त्या मला म्हणाल्या. पट्टीची गाठ मारली. "मला तोंड होतं, मिनल. इचारलं असतं तर सांगता आलं असतं. तोंड असलेल्याला न इचारनं, ते येगळं. ह्याला तोंड न्हाई. ह्याचं आपुनच ठरवायचं. घाबरून म्हनशील राहू दे, तर ते बी ठरवल्यावानीच झालं."

"आणि चुकलं तर?"

"चुकंल. पन ठरवून पळून जायचं न्हाई. त्याला जाग येईल तवा जवळ बसायचं."

मी भूषणकडे बघितलं. तो शिमचा न बांधलेला पाय हातात धरून बसला होता.

"भादव्याच्या आत," मी म्हणाले. "पाय बरा झाला की."

त्यानं मान डोलावली. गुडघे जवळ घेतले नाहीत.

डॉक्टर पूनमनी पाय बघितला, जखम भरू द्या म्हणाल्या, आणि अमावास्येच्या आधीचा दिवस दिला. हाडांचं मी पुन्हा विचारलं. थोडं लवकर होतंय, त्या म्हणाल्या, पण भिंतीपलीकडे तो वर्षाचा व्हायची वाट बघत बसणार नाही.

भूषणनं रजा टाकली. घरी येऊन सांगत होता, "सुपरवायझर म्हणाला, कशाला रे? मी म्हटलं, घरात ऑपरेशन आहे. तर एकदम खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, घे राव, दोन दिवस घे, वहिनींना जड काही उचलू देऊ नको."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, आई उचलू देत नाही."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सगळेच गेलो. रिक्षात आई, मी, मितू आणि पायाशी शिम, मागून भूषण मोटरसायकलवर, लग्नाच्या वरातीसारखे. डॉक्टर त्याला आत घेऊन गेल्या तेव्हा त्यानं वळून बघितलं. मी बघितलं, आईंनी बघितलं, कुणी खोटं हसलं नाही.

बाकावर बसल्यावर मला आठवलं. "आई, आज वाचन चुकलं तुमचं."

"येका जागी बसायचं म्हंजी वर्षावासच की," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून अशा बसल्या की उठायचं नावच नाही.

मितूला मी पाजलं. भूषण उभा राहिला, बसला, पाणी पिऊन आला, पुन्हा उभा राहिला. बाहेर ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर काचेतली आमची सावली हलत होती. शेवटी दार उघडलं आणि डॉक्टरांनी शिमला आत चादरीवर ठेवलेलं दाखवलं. जीभ बाहेर, डोळे अर्धे उघडे, पण त्या डोळ्यांत तो नव्हता. आई खाली फरशीवर बसल्या. त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि कपाळावर हात ठेवला. मधूनच त्यांचा अंगठा त्याच्या तुटक्या कानावरून फिरत होता.

कितीतरी वेळानं त्याची पापणी हलली. मग दुसरी. त्याला आधी वरचा पत्रा दिसला असेल, मग दिवा, मग आई. शेपटी उचलता आली नाही, पण टोक हललं.

"हाय रे," आई म्हणाल्या. "हितंच हाय मी."

भूषण खिडकीकडे तोंड करून उभा होता.

घरी आणला तो सरळ कपाटामागे जायला निघाला. गळ्यात प्लॅस्टिकची रुंद कॉलर होती, टाके चाटू नयेत म्हणून. ती कपाटाला आपटली. मागे सरला, पुन्हा आपटली. त्याला कळेना की कालची फट आज का आत घेत नाही. दोन्ही बाजूंनी ठक ठक करत तो तिथंच उभा राहिला, झोप अजून अंगात, पाय फाकलेले.

मी फळीवरचा डबा काढला. एक लाडू आईंच्या हातावर ठेवला.

"मला कशाला? तू खा."

"तुम्ही केलेत. तुम्हीच खा. बसून खा."

त्यांनी लाडवाकडे बघितलं, कुणाचा तरी परत करायचा असावा तसं. मग खाटेवर बसल्या आणि कड मोडली. खारकेचा तुकडा दाताखाली आला असेल, सावकाश चावत राहिल्या. मितू त्यांच्या गुडघ्याला धरून उभी होती.

भूषण कपाटाला खांदा लावून ते सरकवत होता. फरशीवर कपाटाचे पाय घासल्याचा आवाज झाला, आतली भांडी किणकिणली. भिंतीवर एवढा काळ झाकलेला रंग दिसायला लागला, अजून नवा, निळा. "बस का?" तो शिमला विचारत होता. "अजून थोडं?"

शिमनं कॉलर आत घालून बघितली.

"अजून थोडं," आई खाटेवरून म्हणाल्या, तोंडात लाडू होता.